विहिरीकडला कोपरा

कोल्हापूर, ता. ९ फेब्रुवारी १९१४

पिराजी,

न सांगता पळून जायाला तू काय चोर हाईस का रे? काल तालमीत गेलो तर खुंटीवर तुझी लंगोट न्हाय, खोलीत वळकटी न्हाय. हंबीरराव वस्ताद म्हणले, पहाटेच गारगोटीकडच्या गाडीत बसून गेला. मला निरोप न्हाय, काय न्हाय. बारा वर्सं एका ताटात जेवलो, त्याची ही किंमत!

हे पत्र तुझ्या गावचे आकाराम मास्तर वाचून दाखवतील, मला ठावं हाय. मास्तर, माफी असावी. दिवसभर छापखान्यात शुद्ध भाषेचे खिळे जुळवतो, पण हे पिराजीच्या कानासाठी हाय. तालमीत बोलतो तसंच लिवणार.

आता ऐक. वस्तादांनी तुला आखाड्याच्या हौद्यात उतरू नगंस म्हणून सांगितलं, ते माझ्या गोष्टीपायी, असं सगळी पेठ म्हणतीया. कालपासनं माझ्याकडं बघून माणसं थुकत्यात. का म्हणून? आदल्या माघात आपला कृष्णात तुझ्याबरोबर कुस्तीचा जोर करताना मान मोडून गेला. वस्ताद म्हणले, खेळात झालं. फौजदार येऊन बघून गेले. त्याच्या आईनं, झुंबरबाईनंसुद्धा, नशीब म्हणून मान्य केलं. सगळं मिटलं हुतं. वरीसभरानं पुण्याच्या मासिकात माझी गोष्ट आली. त्यात राणू नावाचा पैलवान दौलत नावाच्या पैलवानाच्या मानेवरचा गुडघा काढत न्हाय, सोड म्हणून त्यानं माती थापटली तरी काढत न्हाय, आणि दौलत मरतो. राणू! दौलत! त्यात पिराजी कुठं हाय? कृष्णात कुठं हाय? माणसांना गोष्ट वाचता येत न्हाय त्याला मी काय करू?

तू उलट त्यांच्या अंगावर जायाचं सोडून मान खाली घालून गावाकडं गेलास. आता ते काय म्हणत्यात? बघा, खरं हुतं म्हणून पळाला. रेड्याएवढा झालास, पण अक्कल आली न्हाय.

वैशाखात महाराजांच्या म्होरं तुझी जोड ठरलीया. पंधराव्या वर्षापास्नं त्या एका कुस्तीसाठी माती खाल्लीस. महिनाभर हौद्यात उतरला न्हाईस तर वस्ताद दुसऱ्याला उभा करतील. राग माझ्यावर काढ, पायजे तर चार रट्टे घाल, पण ये.

शमशुद्दीन


कोल्हापूर, ता. १ मार्च १९१४

पिरा,

तुझं उत्तर न्हाय आलं. मास्तरांचं कार्ड आलं. लिवलंय की, पिराजी रोज सांजच्याला ती गोष्ट वाचायला लावतो. मधी एक शब्द बोलत न्हाय. संपली की म्हणतो, "परत."

वाचून वाईट वाटाय पायजे हुतं. पण तुझ्याशी काय लपवायचं, आधी मला बरंच वाटलं. मनात आलं, ह्याला कुठली जागा आवडली असंल? आपण घाम टिपायचो तो कट्टा, का झरोक्यातला उजेड? बघ, कसला मी हलकट. नंतर दिवसभर एकबी ओळ सरळ जुळली न्हाय, मालकांच्या शिव्या खाल्ल्या.

ही गोष्ट झाली कशी ते तरी ऐक. पहिल्यांदा लिवली ती दीड पानाची हुती. झुंज जुंपली, दौलत पडला, मेला, आई रडली. पुण्याच्या संपादकांनी ती परत धाडली. खाली लाल शाईत लिवलं हुतं: "आपले पैलवान बोलतात फार, हलत नाहीत. आखाडा कोठे आहे, उजेड कोठून येतो, पाय कोठे पडतो, काहीच दिसत नाही. वाचकाला तेथे उभे करा."

मला राग आला. आयुष्य तालमीत गेलं आणि हा बामण मला आखाडा शिकवतोय! पण म्हणणं खोटं न्हवतं. मग आठ दिस सकाळी येऊन कट्ट्यावर बसलो, तुला आठवत असंल. तू विचारलंस, "काय रे शमा, गुडघा बरा झाला का काय?" मी म्हणलो, असाच बसलोय. मी हौदा मोजत हुतो. नऊ पावलं लांब, आठ रुंद. उजेड आधी मारुतीच्या कोनाड्यात येतो, मग समोरच्या पीरबाबाच्या हिरव्या चादरीवर, आणि सगळ्यात शेवटी मातीत उतरतो. मातीत कालवलेल्या ताकाचा आंबूस वास, तेलाचा वास, विहिरीवरच्या मोटेचा आवाज, सगळं टिपलं.

कुस्ती लिवायला मातर घाम फुटला. मग वस्तादांचं बोलणं आठवलं. पोरांना शिकवताना ओरडत न्हाईत का, "हाताकडं काय बघतोस रं, पाय कुठं हाय त्याचा?" तसंच लिवलं. आधी पाय कुठं सरकला, मग कंबर कशी वळली, मग हात. बारकी बारकी वाक्यं. एक हालचाल झाली की दुसरी. जुलेखाला वाचून दाखवलं, तर माझी बायको ऐकता ऐकता सोताचीच मान चाचपायला लागली. तवा मला कळलं, जमलं.

पेठेतल्या माणसांचा घोटाळा हितंच झाला. कट्टा खरा, कोनाडा खरा, चादर खरी, विहीर खरी. मग राणू गुडघा काढत न्हाय, तेबी खरंच असणार, असं त्यांना वाटलं. जागा एवढी खरी लिवली की त्यात काय बी केलं तरी खपून गेलं.

शेवटचा तेवढा भाग मी मनानं घातला. त्या दिवशी मी कट्ट्यावर हुतो, पण मधी खांब आला, मला नीट दिसलं न्हाय. म्हणून गोष्टीला शोभंल असं केलं. एवढंच झालंय. आता तरी ये. वस्ताद जोडीतनं तुझं नाव अजून खोडत न्हाईत, पण कुणाला तरी दुसऱ्याला पटाच्या डावाचा सराव करायला लावत्यात रोज.

तुझा शमा


कोल्हापूर, ता. २६ मार्च १९१४

पिरा,

काल झुंबरबाई छापखान्यात आली. दारात उभी. मालक म्हणले, कोण गं बाई? ती म्हणली, "ह्या शमशुद्दीननं माझ्या लेकाचं लिवलंय, त्याला भेटायचं हाय."

मी हात पुसत भाईर आलो. वाटलं, आता चप्पल काढती. काढली असती तर बरं झालं असतं. तिनं पदरातनं मासिक काढलं. तिला अक्षर येत न्हाय, पण पान बरोबर दाखवलं. म्हणली, "चारदा वाचून घेतलं. वरीसभर सगळ्यांना इचारलं, माझं लेकरू शेवटी काय करत हुतं? सगळी म्हणली, खेळात झालं मावशी, खेळात झालं. कुणी सांगितलं न्हाय. तू सांगितलंस बाबा. त्यानं दोनदा माती थापटली व्हय?"

मी म्हणलो, "व्हय."

"आन् पिराजीनं ऐकलं न्हाय?"

मी पुसलेले हात परत पुसत ऱ्हायलो. तिनं माझ्या डोस्क्यावरनं हात फिरवला आणि गेली. तिथनं आत जाऊन मी खिळ्यांचा आख्खा खण पालथा पाडला.

आता लिवतो ते मास्तरांनी हळू वाचावं, पण वाचावंच. सगळं वाचावं.

मधी खांब बिंब काय न्हवता. मला सगळं दिसलं.

त्याच्या आदल्या दिवशी हौदा खणायची पाळी माझी हुती. गुडघा गेल्यावर वस्तादांनी मला तालमीतनं काढलं न्हाय, मातीच्या कामाला ठेवलं, तुला ठावं हाय. फावड्यानं माती खणायची, तेल-ताक घालून कालवायची, मग वजन ठेवून फळी वडायची, सगळा हौदा एकसारखा होईपातूर. मग तुडवायचा. तीन बाजूंनी फळी वडली. विहिरीकडला कोपरा ऱ्हायला. तिथं खोल खणलं गेलतं, खड्डा पडलावता. गुडघा असा ठणकत हुता की डोळ्यांत पाणी. म्हणलं, कोण बघतंय. वरनं भुसभुशीत माती लोटली आणि हातानं सारखी केली. बघणाऱ्याला सपाट दिसंल अशी.

सकाळी तू आणि कृष्णात उतरलासा. बाकीची पोरं जोर काढत हुती, तोंड जमिनीकडं. वस्ताद विहिरीवर. बघत हुतो मी एकटा. तू त्याला खाली घेतलंस, मानेवर गुडघा टाकलास. त्यानं माती थापटली. एकदा. तू लगेच गुडघा उचललास आणि दोन पावलं मागं गेलास. कृष्णात हसला. त्याची ती खोड, सरळ उठायचं न्हाय, कोलांटी मारून उभं ऱ्हायाचं. तशी मारली. हात टेकला तो विहिरीकडल्या कोपऱ्यात. हात कोपरापातूर आत गेला, डोस्कं खाली आलं आणि सगळं अंग वरनं आलं. तू "शमा!" म्हणून ओरडलास. तवा तू त्याच्यापास्नं दोन पावलं लांब हुतास. त्याला हात लावायला तू नंतर धावलास, मान सावरायला. पोरांनी वर बघितलं तवा तुझे हात त्याच्या मानेवर हुते.

तुम्ही त्याला उचलून नेलंसा. मी मागं थांबलो आणि पायानं माती लोटून तो खड्डा बुजवला.

वरीसभर तू कुणाला बोलला न्हाईस की, "मी त्याला सोडलं हुतं." कुणी इचारलंच न्हवतं. गोष्ट लिवायला बसलो तवा सगळा हौदा लिवला, पावलं मोजून लिवला, फक्त तेवढा कोपरा लिवायला हात धजला न्हाय. आणि खड्डा न्हाय म्हणल्यावर दौलत मरतो कसा? गोष्ट तिथंच अडून बसली. चार दिस अडली. मग राणूला सोडूच दिलं न्हाय. झाली गोष्ट. संपादकांनी लिवलं, "शेवट अंगावर येतो."

मी तुला विकलं, पिरा. दुसऱ्या कुणाला न्हाय, तुला.

शमशुद्दीन


कोल्हापूर, ता. २० एप्रिल १९१४

पिरा,

सांगून आलो. शनिवारी, मारुतीला नारळ फुटल्यावर, सगळी असताना. झुंबरबाईला मी सोताच बोलावून आणलं. पायताण काढून हौद्यात उतरलो आणि मूठभर माती हातात घेतली. तालमीत माती हातात घेऊन कुणी खोटं बोलत न्हाय, पोराटोरांनाबी ठावं हाय. तुला लिवलं ते सगळं बोललो. कोपरा दाखवला. तू कुठं हुतास, तो कुठं हुता, लंगडत लंगडत करून दाखवलं.

मग मागनं एकजण म्हणला, "दोस्ताला वाचवायला आलाय." दुसरा म्हणला, "कागदावर एक, तोंडात एक." मी म्हणलो, अरे अल्लाशपथ, कागदावरचं मीच लिवलंय, मला ठावं न्हाय? तर म्हणतो कसा, "तवा तुला काय अडचण न्हवती, तवा खरं लिवलंस. आता मैदान जवळ आलं."

झुंबरबाईकडं वळलो. म्हणलं, मावशी, तुमच्या लेकाला मी मारलंय, माझ्या आळसानं. तिनं माझ्या मुठीतल्या मातीकडं बघितलं. मग म्हणली, "तू मासिकात लिवलंस त्यात मला माझं पोर दिसतं. त्याचा हात दिसतो, बोटं दिसत्यात. तुझ्या ह्या बोलण्यात काय बी दिसत न्हाय रे बाबा. एक खड्डा दिसतो नुसता." आणि उठून गेली. आता तिला काय सांगू? मातीवरची ती बोटं लिवायला मला दोन दिस लागलेवते.

पण वस्ताद, पिरा, वस्ताद खाली उतरले. सगळी गेल्यावर त्यांनी मला इचारलं, "कोपऱ्यात खोल किती?" मी हात दाखवला. म्हणले, "कृष्णात गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच जागी माझा पाय घोट्याच्या वर रुतला हुता. मला वाटलं, उचलाउचलीत माती हलली असंल." मग मला कानाखाली एक ठेवून दिली. अजून त्या बाजूनं नीट ऐकू येत न्हाय. लागलं ते बरं वाटलं. म्हणले, "तू परत ह्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा न्हाय. आणि पिराजीला लिव, ये म्हणावं. मी माझ्या हातानं त्याच्या खांद्याला माती लावतो. पेठेला काय बोंबलायचं ते बोंबलू दे. जोड त्याचीच हाय."

ऐकलंस न्हवं? जोड तुझीच हाय! मी तालमीकडं फिरकणार न्हाय, मैदानाला येणार न्हाय, तुला तोंड दाखवणार न्हाय. फक्त तू ये. हे पत्र पोचल्या दिवशी नीघ.

शमा


कोल्हापूर, ता. १७ मे १९१४

पिरा,

पाकिटावर तुझं नाव लिवलं, त्याखाली "कैदी" लिवलं आणि पाकीट फाडून दुसऱ्यावर परत तेच लिवलं. न्हाय लिवलं तर पोचत न्हाय म्हणत्यात.

तू आलास. मी म्हणलं तसा आलास. पण तालमीत न्हाय गेलास. वस्ताद हौद्यापाशी माती भिजवून वाट बघत हुते, आणि तू गाडीतनं उतरून सरळ झुंबरबाईच्या दारात गेलास. तिच्या पायावर डोस्कं ठेवून म्हणलास, "मी सोडलं न्हाय मावशी, त्यानं दोनदा थापटलं, मी ऐकलं हुतं." तिनं तुला तांब्याभर पाणी दिलं म्हणं. तू पाणी पिलास, आणि तिथनं उठून फौजदाराकडं गेलास.

मास्तरांचं पत्र तुझ्यामागनं चार दिवसांनी आलं. लिवलंय की, मार्चातलं पत्र त्यांनी तुला दोनदा वाचून दाखवलं. तू म्हणलास, "शमा जीवाचा दोस्त हाय, माझ्यासाठी सोताच्या गळ्यात घालून घेतोय. आता ती गोष्ट वाचा."

काल तुरुंगाच्या गजाशी आपण भेटलो तवा मी तुला एकच इचारलं, थाप किती वेळा पडली? तू गजावर हात मारून दाखवलंस. एक, जोरात. मग दम खाल्लास. मग दुसरी, हलकी, बोटं पसरून. मला म्हणलास, "हाताला कळतंय रे शमा. गुडघ्याखाली अजून लागतीया त्याची मान."

ती हलकी थाप माझी हाय, पिरा. छापखान्यात जेवायच्या सुट्टीत लिवली मी ती. पहिली जोरात हुती, म्हणून दुसरी हलकी केली, वाचणाऱ्याच्या पोटात गोळा यावा म्हणून. मधला दमबी माझाच. तिथं आधी एक वाक्य हुतं, ते मी खोडलं, गप्प जागा ऱ्हावी म्हणून. तू तेवढाच दम खाल्लास काल. तिळभर कमी न्हाय, तिळभर जास्त न्हाय.

फौजदारांकडं गेलतो. माणूस वाईट न्हाय, बसा म्हणले. मेजावर मासिक, पान दुमडलेलं. म्हणले, "कबुली आणि हे, शब्दाला शब्द जुळतंय." मी म्हणलो, जुळणारच साहेब, त्यानं माझंच पाठ केलंय, हे खोटं हाय, मी रचलंय. ते म्हणले, "एवढं बारीक कुणी रचत नाही. तुम्ही पाहिलंत म्हणूनच लिहिलंत." खड्ड्याचं सांगितलं ते त्यांनी लिवून घेतलं. वस्तादबी येऊन सांगून गेले. पण म्हणले, आरोपी सोताच कबूल करतोय तर खड्ड्याला कोण इचारतो.

हे पत्र तुरुंगातला कारकून वाचंल. त्याला वाटंल, हा कैद्याला शिकवतोय. व्हय कारकूनसाहेब, शिकवतोय. तुम्हांला पाया पडतो, वाचून दाखवा. मैदान गेलं, जोड गेली, त्याचं आता काय बी न्हाय. त्याला नुसता भाईर येऊ द्या.

पिरा, मी आता चांगलं लिवत न्हाय. उजेड कुठनं आला ते लिवत न्हाय, वास लिवत न्हाय. कृष्णातनं एकदा माती थापटली. तू सोडलंस. तू दोन पावलं मागं गेलास. एवढंच झालं. ह्यात काय दिसत न्हाय मला ठावं हाय, झुंबरबाईला दिसलं न्हाय, तुलाबी दिसायचं न्हाय. तरीबी.

सोमवारी कोर्टात साहेब तुला इचारतील, थाप किती वेळा पडली. बाकी काय बी बोलू नगंस. मला वाचवायचं म्हणून न्हाय, माझ्या नावानं थुकून म्हण. एकदा म्हण, पिरा. एकदाच पडली हुती.

शमशुद्दीन